क्यूबचा आकडा प्रयोगशाळेगणिक का बदलतो

एकाच ट्रान्झिट मिक्सरमधल्या काँक्रीटचे क्यूब दोन प्रयोगशाळांत फोडले तर दोन वेगळे आकडे येतात. ते तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा कोणतेच मानक ठेवत नाही. प्रश्न असतो तो किती फरक चालवून घ्यायचा आणि कुठल्या मर्यादेपलीकडे कोणाची तरी पद्धत चुकते आहे असे मानायचे, हा. चेन्नईत हा प्रश्न रोजचा आहे. तिथल्या मेट्रोच्या ११८.९ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यासारखे काम अनेक कंत्राटी पॅकेजांत विभागलेले असते. अशा कामावर काँक्रीट निरनिराळ्या आरएमसी प्लांटमधून येते. त्याचे काही क्यूब प्लांटच्या लॅबमध्ये फुटतात, काही साइटच्या लॅबमध्ये, आणि काही खात्रीसाठी त्रयस्थ लॅबकडे जातात. तिन्हीकडचे कागद एका टेबलावर आले की वाद सुरू होतो. पुढचे विवेचन साइट इंजिनीअर, लहान लॅब चालवणारे आणि हे रिपोर्ट तपासणारे सल्लागार यांच्यासाठी आहे.

किती फरक स्वाभाविक आहे, याचे उत्तर मानकांमध्येच दिलेले असते, पण ती पाने फारशी कोणी उलगडत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम सी ३९ या मानकानुसार एकाच काँक्रीटच्या नमुन्यांवर दोन लॅबनी नीट चाचणी केली, तर १५० मिमी व्यासाच्या सिलिंडरचे निकाल सरासरीच्या १४ टक्क्यांहून जास्त दूर जाऊ नयेत. ब्रिटिश आणि युरोपीय परंपरेत १५० मिमी क्यूबसाठी हीच मर्यादा १३.२ टक्के आहे, तर १०० मिमी क्यूबसाठी १५.१ टक्के. एकाच लॅबमध्ये, एकाच माणसाने, त्याच मशीनवर फोडलेल्या दोन क्यूबमध्ये मात्र ९ टक्क्यांपर्यंतच फरक अपेक्षित आहे. वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ यावेत, हे भरवसा वाढवणारे आहे.

एम-३५ काँक्रीटचा एक क्यूब एका लॅबने ३९.२ एमपीएला फोडला आणि दुसऱ्या लॅबने त्याचा जोडीदार ३४.८ ला, असे धरले तर फरक ४.४ एमपीए होतो. तो सरासरीच्या १२ टक्क्यांच्या आत आहे. म्हणजे दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि तरीही एक आकडा ग्रेडच्या वर आहे, दुसरा खाली. एकट्या क्यूबवरून कोणाला दोषी धरणे किती घाईचे असते, ते यात दिसते. भारतीय मानक आयएस ४५६ तीन क्यूबची सरासरी हा एक निकाल मानते आणि स्वीकृतीसाठी सलग चार निकालांची सरासरीही पाहते, त्यामागचे एक कारण हेच.

क्यूबची संख्या वाढवली की फरक मिटेल, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. वरच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला तर लॅबच्या आत होणारी चढउतार प्रमाण विचलनात ३.२ टक्के येते, तर लॅबागणिक पडणारा कायमचा फरक साधारण ३.४ टक्के. तीन-तीन क्यूबची सरासरी घेतली की पहिला भाग आटतो आणि दोन लॅबमधल्या फरकाची मर्यादा १३.२ वरून ११ टक्क्यांच्या आसपास उतरते. तीनच्या जागी तीस क्यूब फोडले तरी ती साडेनऊ टक्क्यांच्या खाली जात नाही, कारण लॅबची स्वतःची खोड प्रत्येक क्यूबमध्ये सारखीच उतरते. ही खोड शोधून काढावी लागते. ती बहुतेक वेळा क्यूब मशीनखाली जाण्याच्या खूप आधी तयार झालेली असते.

क्यूब भरताना

नमुना ट्रकच्या पहिल्या आणि शेवटच्या काँक्रीटमधून न घेता मधल्या भागातून घ्यायचा आणि घमेल्यात पुन्हा एकजीव करून मगच मोल्डमध्ये भरायचा, हे सगळ्यांना पाठ असते. घसरण होते ती ठोसणीत. हाताने भरताना १५० मिमीच्या मोल्डमध्ये सुमारे ५० मिमीचे तीन थर आणि प्रत्येक थराला १६ मिमी सळईचे किमान ३५ ठोसे, ही जुनी भारतीय पद्धत आहे. दुपारी चारच्या उन्हात बारा मोल्ड भरणारा हेल्पर पाचव्या मोल्डनंतर ठोसे मोजत नाही. काँक्रीटमध्ये अडकलेली १ टक्का हवा सुमारे ५ ते ६ टक्के ताकद खाते, म्हणून ही ढिलाई थेट निकालात उतरते.

ती पकडायला वजनकाटा पुरतो. १५० मिमी क्यूबचे घनफळ ३.३७५ लिटर असते. २४०० किलो प्रति घनमीटर घनतेच्या काँक्रीटचा क्यूब ८.१ किलोचा भरला पाहिजे. त्यात १ टक्क्याची तूट म्हणजे ८१ ग्रॅम. एका लॅबचे क्यूब सातत्याने दुसरीपेक्षा ८०-१०० ग्रॅमने हलके येत असतील तर मशीनकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही, दोष भरणीत आहे. वजने जुळत असतील आणि ताकद जुळत नसेल, तर क्युरिंग किंवा मशीन तपासायला घ्यावे. रिपोर्टवर प्रत्येक क्यूबचे वजन आणि मोजलेली मापे असतीलच, असा आग्रह ग्राहकाने धरला पाहिजे. तीन वजनांच्या जागी एकच आकडा तीनदा छापलेला दिसला, तर वजन केलेलेच नाही असे समजायला हरकत नाही.

मोल्डबाबत आयएस १००८६ काटेकोर आहे. समोरासमोरच्या पृष्ठांतले अंतर ठरलेल्या मापाच्या ०.२ मिमी आत, कोन ९० अंशांच्या अर्ध्या अंशात, पृष्ठाचा सपाटपणा ०.०३ मिमी. साइटवर सतत आपटलेले मोल्ड यात फार काळ बसत नाहीत. क्यूबची बाजू १४९ मिमी भरली आणि हिशेब मात्र २२,५०० चौरस मिमी क्षेत्रफळावर झाला, तर तेवढ्यानेच आकडा १.३ टक्क्यांनी कमी दिसतो. ही चूक लहान आहे, पण मोल्डचा तोच संच वर्षभर वापरला जातो आणि प्रत्येक रिपोर्टमध्ये ती एकाच दिशेने मिसळत राहते.

पहिले चोवीस तास आणि चेन्नईचे ऊन

लॅबालॅबांतल्या फरकात चेन्नईपुरता सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित वाटा भरल्यापासून डिमोल्ड करेपर्यंतच्या वेळेचा असतो. भारतीय पद्धतीत क्यूब पहिले २४ तास २७ अंश सेल्सिअसला, दोन अंश इकडेतिकडे, दमट हवेत ठेवायचे असतात. मे महिन्यात अग्निनक्षत्राच्या दिवसांत चेन्नईचा पारा ४० च्या पुढे जातो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो २१-२२ पर्यंत उतरतो. उघड्यावर ठेवलेले लोखंडी मोल्ड हवेहूनही जास्त तापतात. ओले गोणपाट टाकले की भागले, असे मानले जाते. पण बाष्पीभवनाने मिळणारा गारवा कोरड्या हवेत मिळतो. समुद्रावरून येणाऱ्या दमट वाऱ्यात गोणपाट ओले राहते, मोल्ड फारसे गार होत नाहीत.

सुरुवातीच्या उष्णतेने सिमेंटची प्रक्रिया घाईने होते. ७ दिवसांची ताकद वाढलेली दिसते आणि २८ दिवसांची घटते. म्हणून दोन लॅबचे निकाल ताडून पाहताना ७ आणि २८ दिवसांच्या आकड्यांचे गुणोत्तरही पाहावे. एका लॅबचा ७ दिवसांचा आकडा वरचढ आणि २८ दिवसांचा खालचा असेल, तर तिचे क्यूब पहिल्या दिवशी तापले असण्याची शक्यता मोठी आहे. काँक्रीट तेच, सिमेंट तेच, मशीनही ठीक; बिघडला तो पहिला दिवस. असा क्यूब इमारतीतल्या काँक्रीटबद्दल काहीच सांगत नाही, फक्त स्वतःच्या हालअपेष्टा सांगतो.

उपाय अवघड नाही. मोल्ड भरल्या भरल्या प्लास्टिकने झाकून एसी लावलेल्या कंटेनरमध्ये २७ अंशांवर ठेवावेत. एसी हवा कोरडी करतो, म्हणून प्लास्टिकखाली ओले कापड हवेच. कंटेनर नसेल तर सावलीत ठेवलेला, झाकणाचा थर्मोकोलचा मोठा डबा कामी येतो. दोन्ही ठिकाणी किमान-कमाल तापमान दाखवणारा तापमापक ठेवून त्याची नोंद क्यूब रजिस्टरमध्ये क्यूबच्या क्रमांकासमोर करावी. ही नोंद नसलेल्या क्यूबवर वाद घालून काही सिद्ध होत नाही.

नंतर येते वाहतूक. डिमोल्ड केलेले क्यूब कोवळे असतात. टेम्पोच्या पत्र्यावर एकमेकांवर आपटत गेलेल्या क्यूबच्या कडा फुटतात आणि आत सूक्ष्म तडेही जाऊ शकतात. श्रीपेरुंबुदूरच्या साइटवरून शहरातल्या लॅबपर्यंतचा रस्ता ट्रॅफिकमध्ये दोन तास घेतो. तेवढ्यात उघडे क्यूब सुकतात. ओल्या पोत्यात गुंडाळून, वर प्लास्टिक घालून, वाळूच्या थरावर किंवा फोमवर ठेवून ते न्यावेत.

क्युरिंगची टाकी २७ अंशांची हवी आणि पाणी दर सात दिवसांनी बदललेले हवे. गच्चीवरच्या उघड्या टाकीत यापैकी काहीच पाळले जात नाही. ईशान्य मोसमी पावसात आणखी एक अडचण येते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग वादळाच्या वेळी शहराच्या अनेक भागांत वीज गेली, पाणी शिरले. अशा दिवसांतल्या क्यूबचे टाकीचे तापमान काय होते आणि चाचणी ठरल्या दिवशी झाली का, हे रिपोर्टवर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. सणांचेही तसेच. १७ डिसेंबरला भरलेल्या क्यूबचा अठ्ठाविसावा दिवस १४ जानेवारीला, ऐन पोंगलच्या सुट्टीत येतो. त्या दिवशी लॅब बंद असूनही रिपोर्टवर १४ जानेवारी हीच तारीख दिसली तर तो कागद नाकारावा. सुट्टीनंतर फोडून तसे लिहिणारी लॅब जास्त भरवशाची.

टाकीतून काढलेला क्यूब ओला असतानाच फोडायचा असतो. सुकलेला क्यूब जास्त ताकद दाखवतो. सकाळी सगळे क्यूब टाकीबाहेर काढून ठेवायचे आणि दुपारी फोडायचे ही सवय असलेली लॅब नकळत उदार होते, आणि तिच्याशी तुलना झालेली प्रामाणिक लॅब कडक ठरते.

मशीन: कॅलिब्रेशनच्या पलीकडे

वाद झाला की पहिला कागद मागितला जातो तो सीटीएमच्या कॅलिब्रेशनचा. तो हवाच. आयएस १८२८ (भाग १) नुसार पडताळलेले पहिल्या वर्गाचे मशीन भार १ टक्क्याच्या आत दाखवते. पण कॅलिब्रेशन करताना लोड सेल नेमका मध्यावर बसवलेला असतो. रोजचा क्यूब तसा बसतोच असे नाही. वरच्या प्लेटची गोल बैठक अडकत असेल, किंवा भार आल्यावरही सरकत असेल, तर क्यूबच्या एका बाजूवर जास्त दाब येतो आणि तो लवकर फुटतो. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मात्र निर्दोष राहते. युरोपात यासाठी स्ट्रेन गेज लावलेल्या पोलादी सिलिंडरने मशीन वेगळे तपासतात आणि ईएन १२३९०-४ मध्ये ही तपासणी दिलेली आहे. भारतातल्या लहान लॅबपर्यंत ती फारशी पोचलेली नाही.

तोवर फुटलेल्या क्यूबकडे पाहणे हा हाताशी असलेला मार्ग आहे. नीट फुटलेल्या क्यूबच्या चारही बाजू सारख्या उडतात आणि मध्ये दोन पिरॅमिड टोकाला टोक लावल्यासारखा गाभा राहतो. एकच बाजू उडून समोरची शाबूत राहिली, किंवा एका कडेपासून तिरपा चिरा गेला, तर भार सरळ बसलेला नाही. मोबाइलने प्रत्येक फुटलेल्या क्यूबचा फोटो क्रमांकासह ठेवला तर महिन्याभरात मशीनचा स्वभाव कळतो. सगळे क्यूब एकाच बाजूने फुटत असतील तर बैठक साफ करून हलके तेल द्यावे. जाड, दाब सहन करणारे ग्रीस तिथे भरू नये, कारण भार आल्यावर बैठक घट्ट राहणे अपेक्षित असते. प्लायवूड किंवा पुठ्ठा घालून प्लेट समतल करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. क्यूबची थापी मारलेली बाजू वर किंवा खाली येता कामा नये, ती कडेला, उभी हवी. ही साधी गोष्टही घाईत चुकते.

भाराच्या वेगाचा मुद्दा त्याहून जास्त लक्ष मागतो, कारण डिजिटल मशीनमध्ये तो दिसेनासा होतो. भारतीय मानकाचा वेग आहे दर मिनिटाला १४ एमपीए. १५० मिमी क्यूबसाठी तो सेकंदाला ५.२५ किलोन्यूटन होतो. युरोपीय मानकाचा नेहमीचा वेग सेकंदाला ०.६ एमपीए, म्हणजे त्याच क्यूबवर साडेतेरा किलोन्यूटन, आपल्या अडीच पटींहून जास्त. वेग वाढला की ताकद जास्त दिसते. मशीन विकत घेतल्यावर त्याचे मूळ सेटिंग कोणी बदललेच नाही, तर ती लॅब वर्षानुवर्षे थोडे वरचे आकडे देत राहते आणि ग्राहकांत लोकप्रियही होते. घड्याळ लावून हे एका मिनिटात कळते. ४० एमपीएला, म्हणजे ९०० किलोन्यूटनला फुटणाऱ्या क्यूबला भारतीय वेगाने जवळजवळ तीन मिनिटे लागली पाहिजेत. सव्वा मिनिटात तो फुटला तर सेटिंग चुकले आहे.

मशीनची क्षमताही पाहावी. एम-४० चा क्यूब हजार-अकराशे किलोन्यूटनच्या आसपास जातो, त्याला २००० किलोन्यूटनचे मशीन पुरते. एम-८० साठी ते टोकाला पोचते, तिथे ३००० चे हवे. उलट मोठ्या मशीनवर एम-२० चा ७ दिवसांचा क्यूब फोडताना तो भार कॅलिब्रेशनच्या खालच्या मर्यादेबाहेर तर जात नाही ना, हे प्रमाणपत्रात वाचून घ्यावे.

तुलना कशी आखावी

दोन लॅबचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवणे म्हणजे तुलना नव्हे. एम-३० लिहिलेली दोन काँक्रीट एक नसतात. पुण्याच्या बेसॉल्टच्या खडीचे एम-३० आणि चेन्नईच्या आसपासच्या चार्नोकाइटच्या खडीचे एम-३० यांची तुलना करून लॅबबद्दल काहीच कळत नाही. तुलनेसाठी काँक्रीट एकाच ट्रकचे, एकाच तासातले हवे.

आठ लॅब सहभागी होणार असतील तर दोन ग्रेड घ्यावेत, समजा एम-२५ आणि एम-४०. प्रत्येक ग्रेडचे तीन-तीन क्यूब प्रत्येक लॅबला, म्हणजे एका ग्रेडचे चोवीस, आणि तीन राखीव. सत्तावीस क्यूबना सुमारे ९१ लिटर काँक्रीट लागते. लॅबच्या लहान मिक्सरमध्ये हे एका घाण्यात होत नाही, म्हणून आरएमसीचा ट्रकच बोलवावा. राखीव क्यूबपैकी एक सुरुवातीच्या, एक मधल्या आणि एक शेवटच्या काँक्रीटचा भरून तिन्ही एकाच ठिकाणी फोडावेत. तेच आपसात फार फरक दाखवत असतील तर काँक्रीटच एकसारखे नव्हते, आणि लॅबना गुण देणे थांबवावे.

पहिल्या फेरीत सगळे क्यूब एकाच चमूने भरावेत, एकाच टाकीत ठेवावेत, आणि सत्ताविसाव्या दिवशी चिठ्ठ्या टाकून ओल्या पोत्यात लॅबना वाटावेत. यात फक्त फोडण्याची पद्धत तपासली जाते. दुसऱ्या फेरीत प्रत्येक लॅबने आपला माणूस आणि आपले मोल्ड घेऊन त्याच ट्रकवर यावे, आणि पुढचे सगळे आपापल्या पद्धतीने करावे. पहिल्या फेरीत जुळलेली लॅब दुसऱ्या फेरीत वेगळी पडली तर दोष मशीनच्या आधीच्या टप्प्यांत आहे. हे दोन फेऱ्यांचे काम खर्चिक वाटते, पण एका स्लॅबचे कोअर काढून दोन महिने भांडण्यापेक्षा फार स्वस्त आहे. तरमणीचे सीएसआयआर-एसईआरसी, आयआयटी मद्रास, अण्णा विद्यापीठ या संस्था आणि काँक्रीट क्षेत्रातली इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट ही व्यावसायिक संघटना एकाच शहरात असल्याने अशा फेरीला तटस्थ यजमान शोधणे चेन्नईत तुलनेने सोपे असावे. एनएबीएलची मान्यता हवी असलेल्या लॅबना आयएसओ/आयईसी १७०४३ नुसार चालणाऱ्या प्रोफिशिएन्सी टेस्टिंगमध्ये भाग घ्यावाच लागतो. स्थानिक फेरी त्याला पर्याय नाही, दोन अधिकृत फेऱ्यांच्या मधल्या काळातली ती देखरेख आहे.

निकाल वाचताना सरासरीऐवजी मध्यक घ्यावा, म्हणजे एक बिघडलेली लॅब सगळ्यांचे गणित ओढून नेत नाही. उदाहरणादाखल एम-४० चे आठ लॅबचे निकाल ४६.८, ४७.५, ४५.९, ४८.२, ४७.१, ४२.४, ४६.४ आणि ४९.० असे धरले तर मध्यक ४६.९५ येतो. मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक ०.८०, त्याला १.४८३ ने गुणले की विखुरण सुमारे १.१९ एमपीए. आता ४२.४ चा झेड स्कोअर येतो उणे ३.८. दोनच्या आत समाधानकारक, दोन ते तीन शंकास्पद, तीनच्या वर असमाधानकारक, या रूढ मापाने ती लॅब नापास ठरते. हाच ४२.४ मध्यकासमोर एकटा ठेवला तर फरक १० टक्क्यांचा, म्हणजे मघाच्या ११ टक्क्यांच्या मर्यादेत. शिवाय तो ४० च्या वर असल्याने रिपोर्टवर कोणी शंकाही घेतली नसती. दोन लॅबच्या तुलनेत न सापडणारी खोड आठांत सापडते, ती अशी.

तरी आठ ही संख्या तोकडीच आहे, आणि सात लॅब योगायोगाने जवळ आल्या की आठवीवर अन्याय होऊ शकतो. म्हणून विखुरण आधीच ठरवून घेणे चांगले. तीन क्यूबच्या सरासरीसाठी वरच्या हिशेबातून ३.९ टक्के, म्हणजे इथे १.८३ एमपीए धरले तर त्याच लॅबचा स्कोअर उणे २.५ होतो. नापासाऐवजी शंकास्पद. कोणते विखुरण वापरायचे हे क्यूब फुटण्यापूर्वी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. दोन ग्रेडचे आकडे आडव्या-उभ्या अक्षांवर मांडण्याची युडेनची पद्धत १९५९ पासून प्रसिद्ध आहे आणि ती इथे फार उपयोगी पडते. दोन्ही ग्रेडमध्ये खाली असलेल्या लॅबचा ठिपका कर्णरेषेवर खाली घसरतो, तिचा दोष कायमचा आहे. एकातच चुकलेली लॅब रेषेपासून बाजूला फेकली जाते, तिथे त्या दिवशी काहीतरी घडले.

फार जुळणारे आकडेही तपासावेत. एका लॅबमधली स्वाभाविक चढउतार ३.२ टक्के असेल तर ४० एमपीएच्या तीन क्यूबमधल्या सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यात सरासरी दोनेक एमपीएचे अंतर पडते. आयएस ४५६ प्रत्येक क्यूबला सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंत मोकळीक देते. महिनोन्महिने ४०.१, ४०.२, ४०.३ असे तिघे हातात हात घालून येत असतील तर ते आकडे मशीनवर तयार झालेले नाहीत. अशा लॅबशी तुलना करणेच निरर्थक आहे.

दोष सापडल्यावर एक मोह होतो: आपली लॅब ६ टक्के कमी दाखवते, तर आकड्याला १.०६ ने गुणून टाकू. हे कदापि करू नये. गुणकाने मशीनची तिरकी बैठक सरळ होत नाही, आणि उद्या ती आणखी तिरकी झाली तर कळतही नाही. संशयित लॅबचे तीन क्यूब दुसऱ्या मशीनवर आणि दुसऱ्यांचे तीन तिच्या मशीनवर फोडले की मशीन दोषी की भरणी, हे त्याच दिवशी समजते. मग वजन, मापे, ७-२८ चे गुणोत्तर, फुटण्याची वेळ, फोटो या क्रमाने शोध घ्यावा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा एक लहान फेरी करावी.

कंत्राटात अशा वादांसाठीची तरतूद कामाच्या आधी हवी. कोणती लॅब प्रमाण, फरक किती टक्क्यांवर गेला की तिसरी लॅब बोलवायची, तिसरीची निवड कोणी करायची, फुटलेले क्यूब किती दिवस ठेवायचे, हे चार मुद्दे लिहिलेले असले की बरेच वाद टेबलावर येण्याआधी मिटतात. क्यूब संपले आणि शंका उरली तर आयएस ५१६ (भाग ४) नुसार कोअर काढता येतात. आयएस ४५६ नुसार कोअरच्या समतुल्य क्यूब ताकदीची सरासरी ग्रेडच्या किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक पल्स यांनी कमकुवत भाग कुठे आहे ते शोधावे, ताकदीचा निवाडा त्यांच्यावर सोपवू नये. कोअर कापणे, त्यांची टोके सपाट करणे आणि फोडणे यांतही लॅबागणिक फरक पडतो. म्हणून वादातल्या दोन्ही लॅबना बाजूला ठेवून सगळे कोअर एकाच तिसऱ्या लॅबने, दोन्ही पक्षांच्या माणसांसमोर फोडावेत.